दूरस्थ बाल-भौतिकोपचार (करोनाकाळातील मुंबई)

फोनच्या पडद्यावरून भौतिकोपचारतज्ज्ञाने पाहायचे, सांगायचे आणि घरच्या माणसाने मुलाकडून व्यायाम करून घ्यायचा, अशी उपचारपद्धत. बोलीत ‘ऑनलाइन फिजिओ’. मार्च २०२० नंतर मुंबईत ती गरजेपोटी रुळली. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लवकर झालेल्या इजेमुळे हालचालींवर होणारा कायमचा परिणाम), मान धरायला किंवा बसायला उशीर, जन्मतः वाकडे पाऊल, प्रसूतीत खांद्याजवळचे मज्जातंतू ताणले जाऊन लुळा पडलेला हात, स्नायूंचे आनुवंशिक आजार अशी मुले यात प्रामुख्याने होती. ‘दूरस्थ’ हे नाव पडले खरे, पण मुलाला हात लागायचा तो बहुधा आईचाच.

मुलांच्या पुनर्वसनाची मुंबईतली जुनी ठिकाणे शहराच्या दक्षिण टोकाकडे एकवटलेली आहेत: परळचे केईएम आणि १९२९ पासूनचे वाडिया बाल रुग्णालय, हाजी अलीची १९५५ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था. १९७२ मध्ये मुंबईतच मिठू अलूर यांनी ‘स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ (आताची ‘अडॅप्ट’) सुरू केली. मुले मात्र येतात विरार, डोंबिवली, कल्याणहून. चार-पाच वर्षांचे, अंग ताठ असलेले मूल कडेवर, खांद्याला स्प्लिंटची (हातपाय योग्य स्थितीत धरून ठेवणाऱ्या साच्याची) पिशवी आणि लोकलचा दिव्यांगांचा डबा. अर्ध्या तासाच्या व्यायामासाठी आईचा अख्खा दिवस जातो, आणि ती कामावर जात असेल तर त्या दिवसाचा खाडाही होतो. २२ मार्च २०२० च्या मध्यरात्री लोकल थांबली आणि ही साखळी तुटली. १५ जूनला गाड्या धावू लागल्या त्या अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. सर्वसामान्यांना ठरावीक वेळांत प्रवेश मिळाला तो १ फेब्रुवारी २०२१ पासून, आणि एप्रिलमध्ये तोही पुन्हा बंद झाला. रुग्णालयांतले भौतिकोपचारतज्ज्ञ तोवर करोना वॉर्डांत श्वसनाच्या व्यायामांना जुंपलेले होते.

केंद्र सरकारची दूरवैद्यकाची (टेलिमेडिसिनची) मार्गदर्शक सूत्रे टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, २५ मार्च २०२० ला आली. पण ती नोंदणीकृत डॉक्टरांसाठी होती, भौतिकोपचारतज्ज्ञ त्यांत नव्हते. त्यामुळे पालकांची संमती कशी घ्यायची, व्हिडिओ किती दिवस ठेवायचा, फी घ्यायची की नाही, हे ज्याने त्याने आपापल्या विवेकाने ठरवले.

प्रत्यक्ष सत्र साधेच असे. फोन डाळीच्या डब्याला टेकवून जमिनीवर उभा. पलीकडे तज्ज्ञाच्या मांडीवर मूल म्हणून एक बाहुली. “मम्मी, मोबाईल जरा खाली घ्या, मला त्याचे गुडघे दिसत नाहीत. आता गुडघ्याच्या वर धरा, सांध्यावर नको. हळू… तो रडतोय की हट्ट करतोय?” या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आईलाच ठाऊक असते, आणि ते विचारणे हा उपचाराचाच भाग. डाव्या-उजव्याचा घोळ मात्र रोजचा. ‘उजवा’ म्हणजे कुणाचा, बाळाचा की पडद्यावर दिसतो तो? एका पायात केसांचा रबर अडकवला की तंटा मिटे. बोल्स्टरच्या (व्यायामाच्या लोडाच्या) जागी घट्ट गुंडाळलेली गोधडी, पायरीला पाट, तोल सांभाळून उभे राहायला भिंतीचा कोपरा. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, तिथे मूल चार पावले टाकते न टाकते तोच भिंत येते. म्हणून चाल पाहायची तर मोबाईल घेऊन गॅलरीत जावे लागे, आणि मग शेजारपाजारचे प्रेक्षक व सल्लागार आपोआप जमत.

पडद्याची मर्यादा हाताशी येऊन ठेपते. स्नायू किती ताठ आहे हे पाय वाकवताना हाताला लागणाऱ्या विरोधावरूनच कळते. आईने “आज जरा कडक आहे” म्हटले तरी त्याचे माप निघत नाही. वाकड्या पावलाच्या पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला पाऊल थोडे सरळ करून नवे प्लास्टर घालायचे असते, ते फोनवर कसे घालणार? स्प्लिंटचेही तसेच. मूल वाढते, स्प्लिंट वाढत नाही, आणि बनवणाऱ्यांची दुकाने बंद. तेव्हा पालकांना एवढे शिकवले गेले की स्प्लिंट काढल्यावर उमटलेला लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही, तर ते पुन्हा घालू नका, फोटो पाठवा.

काही गोष्टी मात्र व्हिडिओवरच चांगल्या दिसतात. तान्ह्या बाळाच्या उत्स्फूर्त हालचालींची तपासणी साथीच्या कितीतरी आधीपासून चित्रफितीवरच होत आली आहे. बाळ जागे, शांत, उताणे, समोर खेळणे नाही, कुणी बोलत नाही, अशी काही मिनिटे. तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात दिसणारी मान-खांदे-मनगट-घोट्यांची बारीक, सतत चाललेली वळवळ अजिबात नसेल, तर सेरेब्रल पाल्सीची शंका बळावते. शिवाय पडद्यावर घर दिसले, आणि माझ्या मते या सगळ्यातली मोठी कमाई तीच. तपासणीच्या खोलीत नीट बसणारे मूल घरी दिवसभर गुडघे दुमडून, पाय दोन्ही बाजूंना फेकून बेडकासारखे बसते. आडवे ठेवूनच त्याला वरणभात भरवला जातो. शौचालय चाळीच्या टोकाला आहे. ‘खुर्चीवर बसवा’ हा सल्ला वर्षभर का पाळला गेला नाही, तर घरात खुर्चीच नव्हती.

अडचणींत फोन पहिला. घरात स्मार्टफोन एक, त्यावर थोरल्या भावंडाची ऑनलाइन शाळा, आणि दिवसाचा दीड जीबी डेटा दुपारीच संपलेला. वडिलांकडे फोन असेल तर सत्र रात्री आठनंतर, तोवर मूल पेंगुळलेले. बरीच कुटुंबे गावी गेली. कोकणात रेंजसाठी सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर) चढून जावे लागे. तिथून थेट सत्र जमणार नाही म्हणून व्यायामाचा छोटा व्हिडिओ घरी काढायचा आणि रेंज मिळेल तेव्हा पाठवायचा, अशी रीत पडली.

भौतिकोपचारासह इतर आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा २०२१ मध्ये झाला. लोकल पूर्ववत झाल्यावर मुलांची पहिली तपासणी, प्लास्टर आणि स्प्लिंटचे माप पुन्हा समोरासमोर आले. लांबच्या मुलांचा पाठपुरावा मात्र काही ठिकाणी फोनवरच राहिला. वाकडे पाऊल सरळ झाल्यावर पट्टीला जोडलेले बूट साधारण चार वर्षांचे होईपर्यंत रात्री घालायचे असतात. ते खरोखर घातले जातात का, हे झोपलेल्या मुलाच्या फोटोवरून कळते.