शीग, चिपटे, नवटाक : मापांच्या शब्दांची पार्श्वभूमी

‘उत्सुकता शिगेला पोहोचली’ असे रोज छापून येते. शीग म्हणजे धान्याचे माप काठोकाठ भरल्यावर त्याच्या तोंडावर चढणारा निमुळता ढीग. त्यावर आणखी मूठभर दाणे ओतले की ते घरंगळून खाली येतात; तेवढे भरले की माप शिगेला पोहोचले. वाक्प्रचार उरला, माप गेले.

धान्य भांड्याने मोजण्याची कोष्टके दुपटीवर चालत. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर. दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. त्यापुढे दुप्पट सुटते: कुठे १२ पायल्यांचा मण, कुठे १६ पायल्यांचा, आणि २० मणांची खंडी. मापणारा पहिल्या पायलीला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणे, मग दोन, तीन.

खरा गुंता ‘शेर’ या शब्दात आहे. जुन्या नोंदी वाचताना सर्वाधिक चुका इथेच होतात. मापी शेर म्हणजे भांडे, वजनी शेर म्हणजे तराजूतले वजन. नाव एकच, वस्तू दोन. मापटे भरून तांदूळ घेतले आणि तेवढेच पातळ पोहे घेतले, तर पोह्यांचे वजन तांदळाच्या निम्मेही भरत नाही. म्हणून ‘अर्धा शेर पोहे’ असे लिहिलेले दिसले की आधी ते भांड्याने की तराजूने, हे ठरवावे लागते. अच्छेर (अर्धा शेर), पावशेर, नवटाक (अर्धा पावशेर) हे शब्द आले तर मामला बहुधा तराजूचा. चिपटे-मापटे आले तर नक्की भांड्याचा.

वजनी शेरातही कच्चा म्हणजे लहान आणि पक्का म्हणजे मोठा. पक्का शेर ८० तोळ्यांचा, तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे शेर ९३३ ग्रॅमच्या आसपास आणि ४० शेरांचा मण सुमारे ३७.३ किलो. मुंबईचा जुना मण मात्र अवघ्या २८ पौंडांचा. त्याचेही ४० शेर, म्हणजे एक शेर साधारण ३१७ ग्रॅम. एकाच शब्दात जवळजवळ तिपटीचा फरक! ‘मणभर’ हा शब्द वाचून सरळ ४० किलो धरणारे इथे आपटतात.

मापी शेराचे दुखणे वेगळे, आणि ते शिगेतच होते. व्यवहार शिगेचा की सपाट मापाचा, हे आधी ठरवावे लागे. चार लिटरचे, २० सेंमी तोंडाचे माप घ्या. दाण्यांचा उतार २५ अंशांचा धरला तर शिगेत सुमारे ४९० मिली धान्य बसते, म्हणजे १२ टक्के जास्त. तेवढ्याच मापाचे तोंड १५ सेंमी केले की शीग साधारण २०५ मिलीवर येते, जेमतेम ५ टक्के. भांडे प्रमाणित, त्यावरचा शिक्काही खरा, तरी घेणारा नागवला जाऊ शके. भरताना माप ठोकले की दाणे दाटून बसतात आणि धान्य जास्त मावते. अलगद ओतले की कमी. घेणारा ठोकून मागे, देणारा अलगद ओते. ‘मापात पाप’ म्हणतात ते बहुतांशी इथले.

दशमान पद्धतीचा कायदा १९५६चा. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे ६४ पैसे जाऊन १०० नवे पैसे झाले, ऑक्टोबर १९५८पासून किलोची वजने टप्प्याटप्प्याने आली, १ एप्रिल १९६२पासून जुनी वजने व्यवहारातून हद्दपार झाली. या बदलाचे वर्णन ‘शेराऐवजी किलो’ असे केले जाते. ते अपुरे आहे. धान्यापुरते पाहिले तर एकक बदलले तसे मोजण्याचे तत्त्वही बदलले: भांडे मागे पडले, तराजू पुढे आला. निर्णय योग्यच होता. शिगेचा वाद त्यानेच संपवला. पण शब्दांच्या वाट्याला सारखा न्याय आला नाही. वजनाच्या शब्दांना किलोत जागा मिळाली: २३३ ग्रॅमचा पावशेर २५० ग्रॅमचा पाव किलो झाला, बोलण्यात ‘पावशेर’ही राहिला. निळवे, कोळवे, चिपटे यांना असा जोडीदार मिळालाच नाही.

उरले ते भाषेत. पासरी म्हणजे पाच शेर, ती ‘पैशाला पासरी’त आहे, पायली ‘पायलीचे पन्नास’मध्ये. नवटाक म्हणजे नऊ टांक. ७२ टांकांचा शेर, म्हणून नवटाक शेराचा आठवा भाग. आता हा शब्द बहुधा दारूच्या संदर्भातच कानावर पडतो. आठ गुंजांचा मासा आणि १२ माशांचा तोळा, त्यातली ‘तोळामासा’ प्रकृती झाली.

तोळा तेवढा दुकानात जिवंत आहे, पण १० ग्रॅमचा होऊन. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. दशमानपूर्व वाटणीपत्रात २० तोळे सोने लिहिले असेल तर ते २३३ ग्रॅम. आजच्या तोळ्याने २०० ग्रॅम धरले की ३३ ग्रॅम कागदावरच गळतात.