टायमिंग बेल्ट तुटल्यावरचे २० मिलिसेकंद

टायमिंग बेल्ट तुटला की नवा टाकायचा, गाडी सुरू, असं बऱ्याच जणांना वाटतं. काही जण तर बंद पडलेल्या गाडीला पुन्हा पुन्हा सेल्फ मारून बघतात. ते आधी थांबवा. वाचलेला व्हॉल्व्हही (सिलिंडरची हवा आत-बाहेर सोडणारी झडप) त्यात वाकतो.

पिस्टनला जोडलेल्या क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक, हा हिशोब बेल्ट सांभाळतो. आजच्या बहुतेक इंजिनांत पूर्ण उघडलेला व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन यांची जागा एकच असते, ती वापरायची पाळीपाळीने. बेल्ट तुटला की व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला जवळजवळ जागीच थांबवतात. क्रँक मात्र फ्लायव्हीलच्या (त्याच्या टोकावरच्या जड चाकाच्या) आणि धावत्या गाडीच्या जोरावर फिरतच राहतो. ३००० आरपीएमला सेकंदाला ५० फेरे, म्हणजे २० मिलिसेकंदांत प्रत्येक पिस्टन एकदा वर येऊन जातो. प्रत्येक व्हॉल्व्ह चक्रातला साधारण एक तृतीयांश वेळ कमी-जास्त उघडा असतो. तेव्हा कॅम कुठेही थांबो, चार सिलिंडरच्या १६ व्हॉल्व्हपैकी चार-पाच तावडीत सापडायचेच.

खरी गंमत टक्करीच्या कोनात आहे. पेट्रोल इंजिनात व्हॉल्व्ह बहुधा तिरके बसवलेले असतात. पिस्टनचा माथा व्हॉल्व्हच्या तबकडीच्या एकाच कडेवर आदळतो आणि पाच-सहा मिलिमीटर जाडीचा दांडा वाकतो. तबकडी सीटवर (तिच्या बसायच्या कडीवर) नीट बसेना की केसाएवढ्या फटीतूनही कॉम्प्रेशन, म्हणजे कोंडलेल्या हवेचा दाब, निसटतं. सेल्फ मग हलका, एकसुरी फिरतो, कारण दाबायला हवाच कोंडली जात नाही. डिझेलमध्ये व्हॉल्व्ह बहुधा उभे असतात. धक्का दांड्याच्या रेषेत सरळ वर जातो आणि रॉकर (कॅमचा दाब व्हॉल्व्हवर देणारी दांडी) मोडतो, कधी कॅमशाफ्टच तुटतो. म्हणून डिझेलचं हेड (व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग) उघडल्यावर नुसते व्हॉल्व्ह बघून भागत नाही.

हेड उतरवण्याआधी एक चाचणी जरूर करावी. जो सिलिंडर तपासायचा त्याचे व्हॉल्व्ह मिटलेले असायला हवेत अशा स्थितीत कॅम आणून त्याच्या प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडायची. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गेला, एअर फिल्टरकडून आली तर इनटेक. बाटलीतलं औषध ओतून कॉम्प्रेशन परत आणण्याच्या जाहिराती येतात, पण वाकलेलं पोलाद औषधाने सरळ होत नाही. ठोकून सरळ केलेला व्हॉल्व्हही वापरू नये. मान तुटून तो सिलिंडरमध्ये पडला तर पिस्टनही जातो.

नवे व्हॉल्व्ह लॅपिंग करून (सीटवर घासून जुळवून) बसवायचे, गाइडला (दांडा सरकतो त्या नळीला) तडा गेलाय का ते बघायचं, हेडची सपाटी पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजणाऱ्या पातळ पात्यांनी) तपासायची. पिस्टनवर नुसता वळ असेल तर चालतो, चीर चालत नाही. गॅस्केट नवं, ताणून घट्ट होणारे हेड बोल्टही नवे. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि बेल्टवर चालणारा वॉटर पंप याच वेळी बदलावा. बेल्ट पुष्कळदा त्यांच्या जाम झालेल्या बेअरिंगमुळेच तुटलेला असतो.

शेवटी नवा बेल्ट बसवताना क्रँक आणि कॅमच्या चाकांवरच्या खुणा जुळवून पान्याने क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा. कुठे अडला तर जोर लावायचा नाही, बेल्ट काढून पुन्हा बसवायचा.