इंजिन बदललेली जीप तापते? नवा रेडिएटर घेण्याआधी हे वाचा

महिंद्राची जुनी सीजे ३बी किंवा एमएम ५४० जीप, मूळ इंजिन काढून आत अडीच लिटरचं डिझेल बसवलेलं, आणि घाट लागला की तापमानाचा काटा लाल पट्ट्यात. अशा गाडीचे मालक बहुतेक वेळा थेट मोठा रेडिएटर मागतात. कधी त्याने काम होतं, पण अनेकदा पैसे जातात आणि काटा जिथल्या तिथे राहतो. कंपनीतून निघालेल्या गाडीत पंखा, पाण्याचा पंप, रेडिएटर आणि थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) एकमेकांच्या मापाने दिलेले असतात. इंजिन बदललं की ही मापं चुकतात. ती पुन्हा जुळवणं हेच खरं काम.

गाडी कधी तापते, ते आधी बघा

ट्रॅफिकमध्ये किंवा लो-फोरमध्ये (चारही चाकं ओढणाऱ्या सावकाश गिअरमध्ये) दगडांतून जाताना तापते, पण मोकळ्या रस्त्यावर ५०-६० च्या वेगात काटा खाली येतो, तर हवा कमी पडते आहे. सावकाश चालताना ठीक आणि घाटात किंवा महामार्गावर तापते, तर पाणी नीट फिरत नाही, रेडिएटर आतून बुजलाय किंवा इंजिन जास्तीची उष्णता तयार करतंय. थंड इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच वरचा होज पाइप कडक होतो किंवा उघड्या रेडिएटरात सतत बुडबुडे येतात, तर हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांमधली सीलपट्टी) गेल्याचा संशय घ्या. त्यावर पंख्याचा इलाज नाही. इंजिनात जळलेला गॅस पाण्यात येतोय का, हे रंग बदलणाऱ्या द्रावाने दहा मिनिटांत कळतं. तेवढी तपासणी आधी करून घ्या.

काट्यावरही डोळे झाकून विश्वास नको. नव्या इंजिनाचा सेन्सर आणि डॅशबोर्डवरचा जुना मीटर यांचं गणित जुळत नसेल, तर ८५ अंशांना काटा ११० दाखवतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे उलटं. इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या घरावर मोजा. चकचकीत धातूवर तो कमी आकडा दाखवतो, म्हणून आधी तिथे काळी चिकटपट्टी लावा. गरम इंजिनाला ८५ ते ९५ अंश ठीक. त्याच थर्मामीटरने रेडिएटरची जाळी चौफेर फिरून बघा. मध्येच थंड पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत.

पंखा आणि श्राउड

इंजिन बदललेल्या जीपमध्ये सर्वांत जास्त दोष इथेच सापडतो. नवं इंजिन थोडं मागे किंवा खाली बसतं, पंखा जाळीपासून चार-पाच इंच लांब राहतो आणि भोवतीचा पत्र्याचा घेर, म्हणजे श्राउड, 'बसत नाही' म्हणून काढून टाकलेला असतो. मग पंखा इंजिनभोवतीचीच गरम हवा घुसळत राहतो.

तपासणी सोपी आहे. गरम इंजिन आयडलवर (रेस न देता) ठेवा आणि साधा कागद पुढून जाळीवर धरा. मधोमध चिकटतो पण चारही कोपऱ्यांत गळून पडतो, तर जाळीचा मोठा भाग फुकट चालला आहे. हा कागद कोपऱ्यातही चिकटेपर्यंत नव्या रेडिएटरचा विचार करू नका.

श्राउड पत्र्यात बनवून घ्यावा. त्याने जाळीचा पूर्ण चौकोन झाकला पाहिजे, आणि पात्यांची रुंदी अर्धी ते दोन तृतीयांश श्राउडच्या आत हवी. पात्याच्या टोकापासून घेरापर्यंत १५ ते २० मिमी जागा सोडा. त्याहून कमी ठेवलं तर डिझेल इंजिन माउंटिंगवर हलतं तेव्हा पातं घासतं. पात्यापासून जाळीपर्यंत २५ ते ५० मिमी पुरे. अंतर जास्त असेल तर पंख्यामागे स्पेसर टाका. पातं उलटं बसलेलं नाही ना, तेही बघा. उलटं बसलं तरी हवा त्याच दिशेला जाते, पण खूपच कमी.

इलेक्ट्रिक पंखा लावायचा तर एका १४ इंची पंख्याला साधारण १५ ते २० अँपिअर लागतात. त्याला वेगळा फ्यूज, ३०-४० अँपिअरचा रिले आणि निदान ४ चौरस मिमीची वायर हवी. जुन्या डायनामोवर हा भार टाकू नका, अल्टरनेटर लागतोच. एक हाताचा स्विचही द्या. ओढा ओलांडताना पंखा बंद करता आला पाहिजे, कारण फिरती पाती पाण्यात शिरली की पुढे वाकून जाळी फाडतात.

अडकलेली हवा

डिझेल इंजिन उंच, जीपचं बॉनेट खाली. त्यामुळे कित्येक गाड्यांत थर्मोस्टॅटचं घर रेडिएटरच्या झाकणापेक्षा वर जातं. रेडिएटर काठोकाठ भरला तरी हेडमध्ये हवा राहते, तिथे वाफ धरते आणि काटा अचानक उसळतो. पाणी वारंवार घालावं लागतं, गळती मात्र कुठेच नाही, ही याची खूण. उपाय म्हणजे दाबाचं झाकण असलेली टाकी फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर), पूर्ण यंत्रणेत सर्वांत उंच जागी बसवणे. थर्मोस्टॅटच्या घरातून ६-८ मिमीचा बारीक पाइप तिच्यात वर यावा, तिच्या तळातून जाडसर पाइप पंपाच्या ओढीच्या बाजूला जावा. रेडिएटरच्या जुन्या झाकणाजागी मग साधं, बंद झाकण लावायचं. दाबाचं झाकण एकच असावं.

थर्मोस्टॅट काढू नका

'व्हॉल्व्ह काढून टाक, गाडी थंड राहील' हा सल्ला फार जुना आहे आणि अनेक इंजिनांत चुकीचा. ज्या थर्मोस्टॅटच्या खाली दुसरी चकती असते, तो उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम पाणी रेडिएटरला बगल देऊन इंजिनातच फिरत राहतं. संशय असेल तर पातेल्यात पाणी तापवून बघा. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट त्याच सुमारास उघडू लागतो आणि ९५ पर्यंत पूर्ण उघडतो. न उघडल्यास नवा घाला.

पाणी, झाकण, पट्टा

बोअरचं पाणी नको, त्याचे क्षार नळ्यांत थर धरतात. डिमिनरलाइज्ड पाणी आणि कूलंट निम्मंनिम्मं. रेडिएटरात हळद टाकून गळती थांबवायची युक्ती रात्री घरी पोचण्यापुरती ठीक. नंतर तीच हळद बारीक नळ्या बुजवते. क्षार धरले असतील तर लिटरला ३०-४० ग्रॅम सायट्रिक अॅसिड घालून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन तापवा, मग अर्धा तास चालवा. थंड झाल्यावर पाणी काढून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. जाळीतला चिखल इंजिनाच्या बाजूने पुढे, हलक्या दाबाने काढा.

महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे. तिथे उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. म्हणून दाब धरणारं झाकण लागतं. पण जुन्या पितळी रेडिएटरला ७ पौंडांचं झाकण असेल तर त्यावर १३ चं ठोकू नका, झाळलेले सांधे सुटतात. खालच्या होजमध्ये स्प्रिंग आहे का बघा. नसेल तर रेस केल्यावर तो चिमटतो आणि पाणी अडतं. पाण्याच्या पंपाची पुली आता बसवलेल्या इंजिनाच्या मूळ मापाचीच हवी. मोठी लावली की पंप आणि पंखा दोन्ही हळू फिरतात. पट्टा अंगठ्याने दाबल्यावर १०-१२ मिमी दबावा.

हे सगळं ठीक असूनही घाटात तापत असेल आणि धूर काळा असेल, तर डिझेल पंपाचं सेटिंग आणि टायमिंग तपासून घ्या. मग रेडिएटरची पाळी येते. पेट्रोल इंजिनाच्या काळचा, नळ्यांच्या दोन ओळींचा कोअर (जाळी) असेल, तर तीन किंवा चार ओळींचा घ्या.

घाटात काटा चढलाच तर

गाडी बाजूला घ्या, एसी बंद करा, हीटर असेल तर पूर्ण चालू करा. पाणी शिल्लक असेल तर इंजिन लगेच बंद न करता १,२०० च्या आसपास आरपीएमवर चालू ठेवा. पाणी उडून गेलं असेल तर मात्र ताबडतोब बंद करा. झाकण निदान अर्धा तास उघडू नका, आणि तापल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

आमच्या गॅरेजमध्ये गाडी आणताना इंजिन थंड असू द्या, कारण पाण्याची पातळी आणि हेड गॅस्केट थंड इंजिनावरच खरी कळतात. इंजिनाचा नंबर आणि कोणत्या गाडीतून काढलंय ते लिहून आणा. नंबर आरसीवर चढवला नसेल तर तेही सांगा. इंजिन बदलाची नोंद आरटीओकडे करावीच लागते.