झाड नाही, नुसतं मूळ

ऑक्टोबर छाटणी उरकली की निफाड-पिंपळगावकडच्या द्राक्षबागांत मायकोरायझाची, म्हणजे मुळांशी भागीदारी करणाऱ्या बुरशीची, आळवणी (मुळाशी द्रावण ओतणं) सुरू होते. जुने बागायतदार त्याला अजून ‘व्हॅम’च म्हणतात. परवा एका बागेत रिकामी पुडी हाती आली. ‘गाजराच्या मुळांवर वाढवलेले.’ मालकांनी विचारलं, “द्राक्षाला गाजर कशाला?”

प्रश्न रास्त होता. ट्रायकोडर्मा ही दुसरी उपयोगी बुरशी टाकीत गूळ-बेसनावर वाढते. या बुरशीला मात्र जिवंत मूळच हवं. म्हणून पूर्वी कुंडीत ज्वारी-मका लावून मुळांसकट माती विकायचे. त्या मातीतून मुळांना लागणारे सूत्रकृमी फुकट घरी यायचे.

1988 साली कॅनडातल्या क्वेबेकमध्ये दोन संशोधकांनी गाजराची मुळं वापरून वाट काढली. गाजराच्या निर्जंतुक चकतीला ॲग्रोबॅक्टेरियम रायझोजिनस हा झाडांना केसाळ मुळांचा रोग लावणारा जिवाणू लावायचा. तो स्वतःची थोडी जनुकं गाजराच्या पेशींत घुसवतो आणि चकतीतून केसाळ मुळं फुटतात. पान नाही, खोड नाही. साखर आणि क्षार घातलेल्या जेलवर, अंधारात, कापून नवीन बशीत टाकत गेलं तर ती वर्षानुवर्षं वाढत राहतात. एका रोगालाच कामाला लावलंय म्हणा ना.

खरी गंमत मध्ये आडभिंत असलेल्या बशीत दिसते. एका खणात मूळ आणि बुरशी. दुसऱ्या खणातल्या जेलमध्ये साखरच नाही. भिंत ओलांडणारं मूळ कापून टाकतात. बुरशीचे तंतू मात्र प्लास्टिकची ती भिंत चढून पलीकडे उतरतात. दोन-तीन महिन्यांत तिथे हजारो बीजाणू धरतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दिसतात. आकार साधारण मिलिमीटरचा दहावा भाग.

मुळावाचून या बुरशीचं इतकं का अडतं, ते 2017 मध्ये नीट कळलं. साखर तर ती मुळाकडून घेतेच, पण चरबीही. चरबीचे घटक असलेली स्निग्धाम्लं स्वतः नव्याने बनवणारी जनुकंच तिच्याकडे नाहीत. बदल्यात ती वेलीला स्फुरद (फॉस्फरस) आणून देते. त्यामुळे सुपर फॉस्फेट भरमसाट टाकलेल्या बागेत पुडी ओतणं मला पैशाचा अपव्यय वाटतो: स्फुरद आयतं मिळालं की मूळ तिला फारसं जवळ करत नाही. शेजारच्या कोबी-फ्लॉवरच्या प्लॉटात तर नकोच, त्या कुळाचं हिच्याशी जमत नाही.

2020 मध्ये जपानी संशोधकांनी जेलमध्ये मिरिस्टिक आम्ल हे स्निग्धाम्ल घालून पाहिलं. जायफळात भरपूर असतं, नावही जायफळावरूनच पडलंय. त्यावर बुरशी मुळाशिवाय वाढली, तिने बीजाणूही धरले. पण वाढ अगदीच बेताची. पुडीवर गाजर आहे ते त्यामुळेच.