घोड्याचा घसा, लेझर आणि नळीतला ऑक्सिजन

शर्यतीचा घोडा भरधाव सुटला की कधी कधी श्वासागणिक घशातून घर्र-घर्र आवाज येऊ लागतो आणि चांगला दमदार घोडा अर्ध्या वाटेत मागे पडतो. दोष बहुतेक वेळा स्वरयंत्राच्या डाव्या बाजूला असतो. तिथल्या स्नायूंना चालवणारा मज्जातंतू आधी छातीत उतरतो, महाधमनीला वळसा घालतो आणि पुन्हा गळ्यात चढून येतो. एवढ्या लांबीचा हा तंतू हळूहळू निकामी होतो. मग स्वरयंत्राची डावी कड लुळी पडते आणि श्वास ओढला की वाटेत येते.

लुळी पडलेली स्वररज्जू आणि तिच्या शेजारची छोटी पिशवी आता लेझरने काढता येते. नाकपुडीतून दुर्बीण घालायची, तिच्यातून लेझरचा बारीक तंतू पुढे सरकवायचा. मान चिरावी लागत नाही, रक्तस्रावही कमी. भूलतज्ज्ञाची जबाबदारी मात्र दुपटीने वाढते.

आगीला तीन गोष्टी लागतात: ठिणगी, इंधन आणि ऑक्सिजन. इथे तिन्ही एकाच घशात जमतात. लेझर ही ठिणगी, श्वासनलिकेत घातलेली नळी हे इंधन, आणि त्या नळीतून भुलीच्या वायूबरोबर जवळजवळ शुद्ध ऑक्सिजन वाहत असतो. पीव्हीसीची नळी जळत राहायला साधारण 26 टक्के ऑक्सिजन लागतो. सिलिकॉनला आणि लाल रबराला तर साध्या हवेतला 21 टक्केही पुरतो, आणि घोड्यांसाठी सिलिकॉनच्याच नळ्या सर्रास वापरतात. लेझरने नळीला भोक पडले, की चुलीत फुंकणीने फुंकावे तशी ज्वाळा प्रत्येक श्वासाबरोबर फुप्फुसाकडे लोटली जाते.

मग ऑक्सिजन कमीच का देऊ नये? खरी अडचण इथेच आहे. पाचशे किलोचा घोडा उताणा निजवला की आतड्यांचा सगळा भार श्वासपटलावर येतो. फुप्फुसाचा खालचा भाग दबतो, तिथे रक्त पोहोचते पण हवा पोहोचत नाही. नुसत्या हवेवर ठेवले तर रक्तातला ऑक्सिजन घसरू शकतो. घोड्यांची पूर्ण भूल तशीही जोखमीची. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या 41,824 भुलींच्या नोंदींत, पोटशुळाचे घोडे वगळूनही, दर हजारी सुमारे 9 घोडे सात दिवसांत दगावले होते.

तडजोड म्हणून लेझर चालू करण्याआधी ऑक्सिजन 30 टक्क्यांच्या खाली आणतात. मोठ्या जनावरांच्या भुलीच्या यंत्रात श्वासाच्या वायूची पिशवीच 30 लिटरपर्यंतची असते. खटका फिरवला आणि ऑक्सिजन उतरला असे होत नाही, बरीच मिनिटे आधी तयारी लागते. तोवर जिभेला लावलेल्या चिमट्यावरचा रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा बघत राहायचे. नायट्रस ऑक्साइड वापरायचाच नाही, तोही आग पेटती ठेवतो. नळी श्वासनलिकेत घट्ट बसवणारा फुगा हवेऐवजी निळा रंग मिसळलेल्या सलाइनने भरतात. फुगा फुटला तर पाणी सांडते आणि घशात निळे दिसताच शल्यचिकित्सक हात थांबवतो. तरीही पेट घेतलाच, तर लेझर बंद, ऑक्सिजन तोडायचा, नळी ओढून काढायची, सलाइन ओतायचे. हे सगळे एका दमात.

माझ्या मते यातला सर्वांत शहाणपणाचा उपाय सर्वांत साधा आहे: घोड्याला आडवे पाडायचेच नाही. त्याला लोखंडी खोड्यात उभा करून डेटोमिडीनसारखे गुंगीचे औषध द्यायचे. काही मिनिटांत मान खाली येते, खालचा ओठ लोंबतो, कान सैल पडतात. डोके आधारावर टेकवून घशात बधिर करणाऱ्या लिडोकेनचा फवारा मारतात आणि घोड्याचे डोळे झाकतात. माणसे त्या लेझरच्या तरंगलांबीचे चष्मे चढवतात. नळीही नाही, ऑक्सिजनचा सिलिंडरही नाही. घोडा खोलीतलीच हवा घेत असतो. ठिणगी आहे, पण तिला धरायला फारसे काही उरत नाही. भुलीतून उठताना पाय मोडायची भीतीही टळते.

एक काळजी मात्र दोन्ही पद्धतींत राहते. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. त्याचा मऊ टाळू स्वरयंत्राखाली घट्ट बसलेला असतो. लेझरच्या भाजण्याने घसा सुजला किंवा मान खाली राहिल्याने नाक आतून सुजले, तर दुसरी वाट नाही. म्हणून सूज उतरवणारी औषधे आधीच दिलेली असतात आणि मानेत श्वासनलिकेला छेद देण्याचे सामान उघडून हाताशी ठेवतात. शस्त्रक्रिया आटोपल्यावर कुणीतरी त्याच्या तोंडापाशी उभे राहते आणि दोन्ही नाकपुड्यांपुढे पालथा हात धरून पाहते, दोन्हीकडून गरम वारा सारखाच येतोय ना.