सात दिवसांचा हंगाम

अमेरिकन फुटबॉलचा जन्म कधीचा, असं विचारलं की ६ नोव्हेंबर १८६९ ही तारीख सांगितली जाते. त्या शनिवारी न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविकमध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टनचे विद्यार्थी एकमेकांना भिडले. विद्यापीठांमधला हा पहिला फुटबॉल सामना, असं म्हणतात. पण दोघांपैकी एकही तेव्हा विद्यापीठ नव्हतं. रटगर्स कॉलेज होतं, आणि प्रिन्स्टनचं तर नावच ‘कॉलेज ऑफ न्यू जर्सी’ होतं. खेळही आजचा अमेरिकन फुटबॉल नव्हे, तो आपल्या ओळखीच्या फुटबॉलच्या जास्त जवळचा होता.

शेजारच्या एडिसनमध्ये आज मराठी घरं बरीच आहेत, त्यामुळे न्यू ब्रन्सविक आपल्यालाही अगदीच परकं नाही.

दोन्ही कॉलेजांचं भांडण जुनं होतं. १८६६ साली प्रिन्स्टनने बेसबॉलमध्ये रटगर्सला ४०-२ असं धुऊन काढलं होतं. त्याचा वचपा काढायला रटगर्सने तीन फुटबॉल सामन्यांचं आव्हान दिलं. रटगर्सचा कर्णधार विल्यम लेगेट आणि प्रिन्स्टनचा विल्यम गमीर (पुढे हा न्यू जर्सीचा मुख्य न्यायाधीश झाला) यांनी नियम ठरवले. पाया लंडनच्या फुटबॉल असोसिएशनच्या नियमांचा. चेंडू हातात घेऊन पळायचं नाही, फेकायचाही नाही. लाथेने किंवा हाताने टोलवायचा. प्रत्येक बाजूला २५ खेळाडू. दोघे प्रतिस्पर्ध्याच्या गोलपाशी दबा धरून, अकरा जण आपल्या हद्दीत राखणीला, आणि उरलेले बारा चेंडूमागे धावणारे. या बारांना ‘बुलडॉग’ म्हणत, आणि नाव शोभत होतं.

गणवेश कुठला? कोट, जाकीट, टोपी काढून ठेवली, की खेळाडू तयार. रटगर्सच्या काहींनी डोक्याला लाल फडकं गुंडाळलं, म्हणजे आपला कोण ते कळावं. प्रेक्षक जेमतेम शंभर. बरेचसे कुंपणावर बसलेले. खेळाच्या भरात दोन खेळाडू त्या कुंपणावर जाऊन आदळले आणि कुंपण माणसांसकट आडवं झालं! ४-४ अशी बरोबरी असताना लेगेटने पोरांना सांगितलं, चेंडू जमिनीलगत ठेवा. प्रिन्स्टनवाले उंच होते. पुढचे दोन्ही गोल रटगर्सचे, ६-४.

१३ नोव्हेंबरला प्रिन्स्टनच्या मैदानावर नियम प्रिन्स्टनचे. उडालेला चेंडू झेलला की निर्धोक लाथ मारायला मिळणार. एवढ्या एका नियमाने चित्र पालटलं: रटगर्सची ८-० अशी हार. तिसरा सामना झालाच नाही. अभ्यासाचं नुकसान होतंय म्हणून प्राध्यापकांनी तो रोखला, असं सांगतात. प्राध्यापकांचा एकंदर स्वभाव पाहता ते पटतं. अख्खा हंगाम सात दिवसांत आटोपला, एक विजय आणि एक पराभव. त्या वर्षी देशभरात कॉलेजांमधला याखेरीज सामनाच नव्हता, म्हणजे राष्ट्रीय हंगामही तेवढाच.

मग आजचा खेळ आला कुठून? हार्वर्डला हे लाथाळीचं फुटबॉल मान्य नव्हतं. १८७४ मध्ये ते कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाशी खेळले, आणि चेंडू उचलून पळण्याचं रग्बी त्यांना आवडलं. १८७६ मध्ये पूर्वेकडच्या कॉलेजांनी रग्बीवर बेतलेले नियम स्वीकारले. १८८० मध्ये येलच्या वॉल्टर कॅम्पने खेळाडू ११ वर आणले आणि चेंडूचा ताबा एकाच संघाकडे ठेवून डाव सुरू करायची पद्धत घातली. १८८२ पासून तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकायची अट आली. अमेरिकन फुटबॉलला वेगळं काढणारं ते हेच. न्यू ब्रन्सविकच्या त्या शनिवारी यातलं काहीच नव्हतं.

ते मैदान आता राहिलेलं नाही, तिथे पुढे कॉलेज अव्हेन्यू जिम्नॅशियम उभं राहिलं. आणि प्रिन्स्टनला पुन्हा हरवायला रटगर्सला ६९ वर्षं लागली: १९३८, नव्या स्टेडियमच्या उद्घाटनाच्या सामन्यात, २०-१८.