जावास्क्रिप्ट ॲप्लिकेशनमधील प्लगिन-व्यवस्था : पार्श्वभूमी

जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या ॲप्लिकेशनला प्लगिनची, म्हणजे इतरांनी लिहिलेला जोड-कोड बसवण्याची, सोय द्यायची ठरली की आज पहिला वाद होतो तो बाहेरच्या कोडला आत कुठवर येऊ द्यायचे यावरून. सुरुवातीच्या काळात हा प्रश्न फारसा कोणाला पडत नसे, कारण चालू प्रोग्रॅममधील जवळपास कोणत्याही ऑब्जेक्टला बाहेरून नवे फंक्शन जोडण्याची मुभा भाषाच देत होती आणि त्यामुळे वेगळी यंत्रणा उभारण्याची निकड भासत नव्हती.

जॉन रेसिग यांनी 2006 मध्ये जाहीर केलेल्या जेक्वेरी या लायब्ररीने, म्हणजे तयार फंक्शनांच्या संचाने, या मोकळीकीला थोडी शिस्त लावली. लायब्ररीचा प्रोटोटाइप, म्हणजे तिचे ऑब्जेक्ट ज्यातून फंक्शन घेतात तो सामायिक साचा, ‘एफएन’ या छोट्या नावाने खुला करून दिला होता. त्यावर आपले फंक्शन ठेवले की ते वेबपानावरील निवडलेल्या घटकांवर चालत असे. प्रोटोटाइप (याच नावाची लायब्ररी) आणि मूटूल्स या लायब्रऱ्यांनी मात्र थेट भाषेच्या अंगभूत ॲरेलाच, म्हणजे मूल्यांच्या यादीलाच, हात घातला. त्याचे परिणाम 2018 पर्यंत पोहोचले : ॲरेसाठी ‘फ्लॅटन’ हे नवे फंक्शन प्रस्तावित झाले, तेव्हा मूटूल्सने त्याच नावाचे फंक्शन आधीच जोडलेले असल्यामुळे जुन्या साइट मोडू लागल्या आणि अखेर भाषेलाच माघार घेऊन ‘फ्लॅट’ हे नाव स्वीकारावे लागले.

याहून मोठा धडा फायरफॉक्स या ब्राउझरने दिला. त्याच्या जुन्या ॲड-ऑनना (ब्राउझरच्या प्लगिनना) ब्राउझरच्या अंतर्भागात जवळजवळ मुक्त संचार होता, आणि त्यांची विलक्षण विविधता याच मोकळीकीतून आली होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु अंतर्भागच प्लगिनशी झालेला करार बनला की मूळ संघाला स्वतःच्या घरातली भिंतसुद्धा हलवता येत नाही. ब्राउझर अनेक प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतंत्रपणे चालणाऱ्या भागांमध्ये, विभागताना हा अडसर फार जाणवला. नोव्हेंबर 2017 मधील 57व्या आवृत्तीने जुनी पद्धत बंद करून वेबएक्स्टेन्शन्सचा मर्यादित एपीआय (ॲड-ऑनना वापरता येणाऱ्या ठरावीक फंक्शनांचा संच) तेवढा ठेवला. काही ॲड-ऑन नव्या चौकटीत पुन्हा लिहिणे शक्यच नव्हते, त्यामुळे वापरकर्त्यांची नाराजी अनाठायी म्हणता येत नाही.

दरम्यान 2009 मध्ये नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) आणि पाठोपाठ एनपीएम (त्यासाठीची पॅकेजे बसवणारे साधन) आल्यावर प्लगिन हे स्वतंत्र पॅकेज झाले. मग अडचण आवृत्त्यांची आली. प्लगिनने मूळ साधनाची स्वतःची वेगळी प्रत आणू नये, तर आधीच बसवलेल्या प्रतीशी जुळवून घ्यावे, यासाठी एनपीएमने ‘पीअर डिपेन्डन्सी’ आणली. निकोलस झाकस यांनी 2013 मध्ये सुरू केलेल्या ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या साधनामध्ये तपासणीचा प्रत्येक नियम वेगळा लिहिलेला असून, त्याला एक ‘कॉन्टेक्स्ट’ ऑब्जेक्ट मिळतो आणि आढळलेला दोष तो त्याच्यामार्फत कळवतो. माझ्या मते लहान ॲप्लिकेशनसाठी आजही हाच नमुना सर्वांत अनुकरणीय आहे.

अर्थात असा करार सद्भावनेवर चालतो. तो मोडू पाहणाऱ्या कोडला अडवण्याची ताकद त्यात नसते. व्हीएस कोड या कोड-संपादकाने एक्स्टेन्शन, म्हणजे आपली प्लगिन, वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवून निदान संपादकाचा पडदा गोठण्याचे टाळले. फिग्मा या डिझाइन-साधनाने 2019 मध्ये प्लगिन खुले करताना ‘रेल्म्स’ या तंत्राने एकाच इंजिनात (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) प्लगिनभोवती कुंपण घालून पाहिले. पुढे त्यात सुरक्षेच्या त्रुटी आढळल्यावर क्विकजेएस हे छोटे इंजिन वेबअसेंब्लीत (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या बायनरी कोडच्या स्वरूपात) रूपांतरित करून प्लगिनचा कोड त्यात चालवण्याचा मार्ग फिग्माने पत्करला.